न सुकणारे तोरण

नाताळचा सण जवळ आला की हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांतील ख्रिस्ती घरांच्या दारांवर हिरव्या पानांचे, मधूनमधून तांबडी फळे खोवलेले, एक गोल कडे टांगलेले दिसू लागते. या वस्तूस मराठीत नेमके काय म्हणावे, हाच पहिला प्रश्न आहे. कोश उघडला तर 'पुष्पचक्र' हा शब्द हाती येतो. परंतु पुष्पचक्र म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हुतात्म्याचे स्मारक उभे राहते. आनंदाच्या दिवशी दारावर लावावयाच्या वस्तूस ते नाव शोभत नाही. मी तिला 'गोल तोरण' म्हणतो. आपले तोरण दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि तेथे संपते. हे तोरण फिरून आपल्याच आरंभाशी येऊन मिळते, एवढाच काय तो दोहोंतला फरक.

शाळांमधून हस्तकलेच्या तासाला मुले असे तोरण लाकडी कड्यावर किंवा जाड पुठ्ठ्यावर रंगाने काढतात. त्यावर काही जाणती माणसेही नाक मुरडतात. खरी पाने मिळत असताना रंगवलेली पाने कशाला, खऱ्याची ही नक्कल नव्हे काय, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु इतिहासाकडे पाहिले तर असे दिसते की पानाफुलांचे कडे आणि रंगवलेले कडे ही दोन भावंडे आहेत आणि त्यांची सोबत फार जुनी आहे. आजच्या भाषणात त्या सोबतीची हकीकत सांगावयाची आहे. आणि ती सांगताना आपल्या हैदराबादचा तिच्याशी काय संबंध पोहोचतो, हेही पाहावयाचे आहे.

पानांचे कडे प्रथम दारावर नव्हते, मस्तकावर होते. ग्रीस देशात ऑलिंपियाच्या खेळांत विजयी झालेल्या वीरास रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे. डेल्फीच्या खेळांत तो लॉरेलच्या पानांचा असे. सोन्यानाण्याचे बक्षीस न देता चार दिवसांत वाळून जाणारी डहाळी द्यावयाची, यातच त्या सन्मानाचे मोल होते. रोमन लोकांनी ही चाल उचलली. त्यांचे सेनापती लॉरेलची माळ धारण करीत आणि सणावारी घरांच्या दारांवरही लॉरेलच्या डहाळ्या व दिवे झळकत.

आश्चर्याची गोष्ट अशी, की आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना ही माळ मुळीच मान्य नव्हती. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात टर्टुलियन नावाचा एक तिखट लेखणीचा ख्रिस्ती ग्रंथकार होऊन गेला. एका ख्रिस्ती शिपायाने समारंभात डोक्यावर लॉरेलची माळ घालण्यास नकार दिला, तेव्हा त्या शिपायाची बाजू घेऊन त्याने एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. दुसऱ्या एका ग्रंथात तो तक्रार करतो की, मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर दिवे आणि लॉरेल अधिक दिसू लागले आहेत! या तक्रारीतून इतिहासाच्या अभ्यासकास हवे ते नेमके कळते. धर्मशास्त्री रागावत होते आणि सामान्य माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे आपली दारे सजवीत होती. अखेर सामान्य माणसांचाच जय झाला. रोमच्या भूमिगत दफनभूमींच्या छतांवर रंगवलेल्या माळा आजही पाहावयास मिळतात. आणि चौथ्या शतकातील दगडी शवपेट्यांवर ख्रिस्ताच्या नामचिन्हाभोवती तीच लॉरेलची माळ कोरलेली आढळते. विजयी सेनापतीचे भूषण अशा रीतीने मृत्यूवरील विजयाचे चिन्ह झाले.

येथेच एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ती माळ रंगाने काढली गेली अथवा दगडात कोरली गेली, याचे कारण खरी पाने मिळत नव्हती असे नव्हे. खरी माळ सुकते, आणि माणसाला जो आनंद किंवा जी श्रद्धा जपून ठेवावयाची असते ती सुकू नये असे त्याला वाटते. रंगवलेली माळ ही त्या इच्छेची निशाणी होय.

हीच इच्छा आपल्या देशातही तितकीच प्राचीन आहे. कृष्णा नदीच्या काठी अमरावती येथे जो भव्य बौद्ध स्तूप होता, त्याच्या दगडी कठड्याच्या माथ्यावर लाटांप्रमाणे वळणे घेत जाणारी एक जाडजूड माळ कोरलेली असून अनेक पुरुष ती खांद्यावर वाहून नेत आहेत. ते शिल्प सतरा-अठराशे वर्षांपूर्वीचे आहे. त्याचे अवशेष आज चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत. उत्सवाच्या दिवशी स्तूपाला खऱ्या फुलांच्या माळा वाहिल्या जात आणि त्या सुकून जात. दगडाची माळ मात्र राहिली.

रंगाच्या बाबतीत तर अजिंठ्याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून पाहावे. छतावर एकात एक अशी अनेक वर्तुळे रंगवलेली असून त्यांच्या पट्ट्यांत कमळे, वेली आणि हंस यांची रांग फिरत जाते. ही वर्तुळे म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली गोल तोरणेच नव्हेत काय? अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानचे पुराणवस्तू खाते १९१४ साली स्थापन झाले, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत भिंतींवरून सुटू लागलेली चित्रे सावरण्यासाठी इटलीहून दोन जाणकार बोलावण्यात आले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी हे काम केले. या चित्रांच्या प्रतिकृतीही करण्यात आल्या आणि हैदराबादच्या सार्वजनिक उद्यानातील संग्रहालयात अजिंठ्याचे स्वतंत्र दालन उभे राहिले. हैदराबादच्या मुलाला रंगवलेले फुलवर्तुळ पाहावयाचे असेल तर त्याने युरोपची भेटकार्डे चाळण्याआधी या चित्रांकडे जावे, असे मला वाटते.

आता ज्या इटलीतून ते जाणकार आले, त्या देशाकडे वळू. फ्लॉरेन्स नगरात पंधराव्या शतकात लुका देल्ला रोबिया नावाचा शिल्पकार झाला. भाजलेल्या मातीच्या शिल्पावर रंगीत, चकचकीत लुकण चढविण्याची कृती त्याने आणि त्याचा पुतण्या आंद्रेआ याने नावारूपास आणली. त्यांच्या गोल शिल्पांच्या मध्यभागी माता मरिया व बाळ येशू, आणि भोवती लिंबे, द्राक्षे, सफरचंदे व पाने यांचे भरगच्च कडे असे. ऊन, पाऊस, थंडी यांपैकी कशानेही त्या लिंबाचा पिवळा रंग उतरत नाही. आजही पाश्चात्त्य देशांत फळे खोवलेल्या नाताळच्या तोरणास या घराण्याचे नाव लावतात.

या नंतरची हकीकत मिलान नगरातील आहे. तेथील आर्चबिशप कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ हे मोठे विद्याव्यासंगी होते. १६०९ साली त्यांनी लोकांसाठी अँब्रोझियाना हे ग्रंथालय खुले केले आणि पुढे त्यास चित्रशाळा जोडली. त्यांच्यासाठी यान ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने १६०८ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर एक चित्र तयार केले. मध्यभागी मरिया आणि बाळ येशू यांचे चित्र हेंड्रिक वान बालेन या दुसऱ्या चित्रकाराने काढले, आणि भोवतीची दाट फुलमाळ ब्रूगेलने. फुलमाळेच्या चित्रांची एक नवी परंपराच त्या चित्राने सुरू केली. ब्रूगेलची पद्धत मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तो फुले मनाने काढीत नसे. प्रत्यक्ष फूल समोर ठेवून काढी. ज्या फुलाचा हंगाम यावयाचा असेल त्याची तो वाट पाही. म्हणून त्याच्या माळेत वसंतातले फूल आणि उन्हाळ्यातले फूल शेजारी शेजारी उमललेले दिसते. निसर्गात ती दोघे कधी भेटत नाहीत! आणि कार्डिनल बोर्रोमेओंनी स्वतः लिहून ठेवले आहे की, हिवाळा सारे काही गोठवून टाकतो तेव्हा या रंगवलेल्या फुलांकडे पाहून त्यांना आनंद मिळे आणि त्यांचा सुवासही जणू मनाला जाणवे. रंगवलेले फूल ही खऱ्याची नक्कल, असे म्हणणारांस याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

याच मिलान नगरात १८५० साली परदेशी धर्मकार्यासाठी एक संस्था स्थापन झाली, आणि त्यानंतर काही वर्षांतच तिचे धर्मगुरू हैदराबादेस येऊन पोहोचले. त्यांच्याच काळात गनफाउंड्री भागातील संत जोसेफचे कॅथीड्रल उभे राहिले. मिलानच्या चित्रशाळेतील फुलमाळ आणि हैदराबादचा नाताळ यांत थेट दुवा आहे असा माझा दावा नाही. इतकेच म्हणावयाचे की ज्या नगराने रंगवलेल्या फुलमाळेचे मोल ओळखले, त्या नगराची माणसे आपल्या शहरात येऊन राहिली होती.

नाताळच्या गोल तोरणाचा आणखी एक पूर्वज लाकडी आहे. जर्मनीतील हँबुर्ग नगरात योहान हिन्‍रिख विखर्न या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३३ साली दरिद्री, निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. 'नाताळ केव्हा?' असे ती मुले रोज विचारून भंडावून सोडीत. तेव्हा १८३९ साली विखर्नने गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान अशा मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज एक याप्रमाणे ती पेटवू लागला. हिरव्या डहाळ्या त्या चाकावर पुढे आल्या. आज आगमनकाळात आपल्या चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचे जे चक्र ठेवतात त्याचे मूळ हे होय. कॅथॉलिक चर्चमध्ये ते विसाव्या शतकात आले. तेव्हा लाकडाच्या कड्यावर मुलांसाठी सण उभारणे हा नाताळच्या परंपरेत आगंतुक प्रकार नाही. तेथे लाकूड आधी आले आणि पाने मागाहून आली.

श्रोतेहो, आता प्रश्न उरतो तो आपला. युरोपात नाताळ ऐन हिवाळ्यात येतो. बहुतेक झाडे तेव्हा उघडी पडतात. फर आणि होली यांसारखी थोडी झाडे तेवढी हिरवी राहतात. म्हणून तेथे त्यांचे तोरण. 'सारे मेले तरी एक हिरवे उरले' हा त्याचा अर्थ. दख्खनमध्ये डिसेंबर महिन्यात झाडे काही मरत नाहीत. आंबा हिरवागार असतो, शेवंती फुललेली असते, बाजारात बोरे आणि आवळे आलेले असतात. अशा वेळी आपली मुले काटेरी होलीची पाने आणि त्यांवरचे बर्फ रंगवीत बसतात. एकदा माझ्या वर्गातील एका मुलीने अशी पाने सुरेख काढली आणि मग विचारले, 'गुरुजी, हे झाड कोणते?' तिने ते पाहिले नव्हते आणि हैदराबादेत मला ते दाखविता येण्यासारखे नव्हते. ब्रूगेल फुलासमोर बसून फूल काढी. आपण भेटकार्डासमोर बसून पान काढतो. रंगवलेले तोरण नक्कल ठरत असेल तर ते या कारणाने ठरते, रंगामुळे नव्हे.

यावर उपाय आपल्या जवळच आहे. हैदराबादच्या उत्तरेस, नागपूरच्या रस्त्यावर सुमारे २०० किलोमीटरांवर निर्मल हे गाव आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तोवर मराठवाडा आणि निर्मल एकाच राज्यात होते. निर्मलच्या शेजारचा किनवट भाग तेव्हाच नांदेड जिल्ह्यात आला. या गावातील नकाश कारागीर पिढ्यानपिढ्या लाकडाची खेळणी आणि चित्रे करीत आले आहेत. त्यांचे लाकूड पोनिकी नावाच्या झाडाचे. ते मऊ आणि वजनाने फार हलके असते. त्यातून फळ, पान, पक्षी कोरून काढतात. सांधे आणि खाचा चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून भरतात. त्यावर पांढऱ्या मातीचा हात देतात, घासून गुळगुळीत करतात आणि मग रंग चढवितात. निर्मलच्या चित्रांत काळ्या भुईवर सोनेरी नक्षी उठून दिसते, आणि त्यांच्या विषयांत अजिंठ्याच्या व मोगल शैलीच्या आकृती वारंवार येतात. म्हणजे अजिंठ्याच्या छतावरची परंपरा निर्मलच्या पाटावर उतरली असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या कोकणात सावंतवाडीचे चितारी हेच काम पांगाऱ्याच्या लाकडावर करतात. त्यांनी केलेली आंबा, सीताफळ, केळी, वांगी ही लाकडी फळे आणि भाज्या महाराष्ट्रातील कित्येक घरांत काचेच्या कपाटात असतील. फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने जे मातीत साधले, ते सावंतवाडीने आणि निर्मलने लाकडात साधले आहे. अशी बोटांएवढी फळे एका लाकडी कड्यावर बसवली की नाताळचे तोरण तयार! ते दरवर्षी पेटीतून काढावे, पुसावे आणि दारावर लावावे.

शाळेत करावयाचे झाल्यास कृती सोपी आहे. सुमारे एक फूट व्यासाचे हलके लाकडी कडे घ्यावे, त्याची पट्टी अडीच इंच रुंद असावी. खडूची भुकटी चिंचोक्याच्या खळीत कालवून तिचे दोन हात द्यावेत आणि वाळल्यावर बारीक काचकागदाने घासावे. दोऱ्याच्या साह्याने वर्तुळाचे आठ समान भाग पाडावेत. पाने सर्व एकाच दिशेने, कौलांप्रमाणे एकमेकांवर अर्धी चढलेली काढावीत. म्हणजे कडे फिरत असल्याचा भास होतो. आधी सर्वत्र गडद हिरवा, तो वाळल्यावर मधला हिरवा, आणि शेवटी पानाच्या टोकाशी व शिरेवर फिका. तांबडा रंग अगदी अखेरीस द्यावा. रंग पूर्ण वाळल्याखेरीज रोगण लावू नये. घाई केल्यास रंग फिसकटतो. पान मात्र प्रत्यक्ष समोर ठेवूनच काढावे. आंब्याचे पान घेतले तर कोवळे तांबूस, मधले पोपटी आणि जून गडद हिरवे असे तीन रंग एकाच झाडावर मिळतात. फळ हवे असेल तर डाळिंब आहे. जुन्या युरोपीय चित्रांतही ते बाळ येशूच्या हाती पुनरुत्थानाचे चिन्ह म्हणून दिलेले आढळते.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती सणाला आंब्याची पाने कशी चालतील? त्याचे उत्तर धर्मसभेनेच दिले आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की, चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. प्रत्येक लोकसमूहाच्या आणि प्रदेशाच्या कलेस तेथे वाव आहे. टर्टुलियनच्या काळी सामान्य लोकांनी आपल्या आवारातले लॉरेल दारावर लावले. आपण आपल्या आवारातला आंबा लावला तर त्यात नवे काय?

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. सुकणाऱ्या फुलांनाही आपले स्थान आहे. तेलंगणात भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस स्त्रिया बतुकम्मा मांडतात. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे आणि झेंडू गोल थरांनी एकावर एक रचतात. कुरडूचे पांढरे तुरे तर त्या आधी रंगात बुडवून घेतात. शेवटी सारे तळ्यात सोडतात. २०१४ साली स्थापन झालेल्या तेलंगण राज्याने हा आपला राज्यसण मानला. पाण्यात विरून जाणे हाच त्या फुलांचा धर्म. तेथे लाकडाची फुले नेणे विजोड होईल. ज्याचा निरोप घ्यावयाचा ते ताज्या फुलांचे असावे, आणि ज्याची दरवर्षी पुन्हा भेट व्हावयाची ते रंगाचे असावे, असा विवेक ठेवला म्हणजे दोन्हींचा मान राहतो.

शेवटी जे सांगावयाचे ते लाकडाविषयी. निर्मलच्या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. परंतु पोनिकीचे झाड निर्मलच्या आसपासच्या रानांतून दुर्मिळ होत गेले आहे, ते वाढावयास वेळ लागतो, आणि लाकूड मिळेनासे झाले की नकाशाच्या मुलाने दुसरा धंदा धरावा यात नवल ते काय? झाड गेले तर मानांकनाचा कागद तेवढा उरेल. मिलानच्या चित्रातील ट्यूलिप चारशे वर्षांनंतरही ताजे आहे, कारण त्या चित्रकाराला कोणी तरी काम दिले होते. बोर्रोमेओंचे मोठेपण केवळ चित्र आवडण्यात नव्हते. ते मागविण्यात होते.

आपल्या शाळा, आपली चर्चे आणि आपली घरे यांनी नाताळसाठी जी कडी आणि जी फळे लागतील ती निर्मलच्या किंवा सावंतवाडीच्या कारागिरांकडून मागवावीत. मुलांनी ती रंगवावीत. शाळेच्या आवारात जागा असेल तेथे वनखात्याकडून पोनिकीचे रोप मिळवून लावावे. आज पहिलीत असलेले मूल शाळा सोडून जाईल तेव्हाही ते झाड लहानच असेल. परंतु ज्या लाकडावर आपण पाने रंगविली ते कोणत्या झाडाचे, हे त्या मुलाला कोणास विचारावे लागणार नाही.